वजनकाट्यावरचा पुकारा

सकाळी साडेसहा वाजले की विमानतळावर सेमिसीच्या तिकीटखिडकीपुढे भांडणाला सुरुवात व्हायची. कुणी चपला काढून काट्यावर चढायचं, कुणी खिशातली किल्ली बायकोकडे द्यायचं, कुणी श्वास रोखून धरायचं. श्वास रोखल्याने वजन कमी होत नाही हे सेमिसीचं हजार वेळा सांगून झालं होतं. पण ऐकतो कोण!

आपियाच्या बेटावरून समुद्रापलीकडच्या पागोपागोला जाणारं ते विमान नऊ जणांचं. कंपनीने वर्षभरापूर्वी नियम काढला होता: माणूस आणि सामान मिळून जेवढे किलो, तेवढं भाडं. सगळ्यांनाच तो नियम जाचक वाटत होता असंही नाही. शिवणकाम करणारी एक बारीकशी बाई तीन चिमुरड्यांना घेऊन महिन्यातून एकदा जायची. पूर्वी तिला चार तिकिटं पडायची, आता पाऊण माणसाच्या भाड्यात तीन पोरं बसायची. ती नियमाला दुवा द्यायची. बाकीचे शिव्या द्यायचे, आणि त्या सगळ्या सेमिसीच्या वाट्याला यायच्या.

या कटकटीवर सेमिसीला एक दिवस अचानक उपाय सापडला. त्याचा आवाज मोठा गोड आणि खणखणीत होता. गावात लग्न असो, मर्तिक असो, आलेला आहेर जमलेल्या लोकांना ओरडून सांगायचा मान त्याचाच. 'अमक्याच्या घरून दहा चटया! भाजलेलं मोठं डुक्कर एक!' अशी त्याने आरोळी दिली की सगळा समुदाय 'माऽलो!' म्हणून दाद द्यायचा. एका सकाळी गावचे एक धिप्पाड सरदार काट्यावर चढले आणि कुरकुरायला लागले. सेमिसीच्या तोंडून सवयीने आरोळी निघाली, "सरदारांच्या घरून एकशेएकावन्न किलो! टोपल्या दोन!" रांगेने 'माऽलो!' केलं. सरदारांनी पोटावर हात फिरवला, हसले आणि भाडं देऊन मोकळे झाले.

मग काय! रोजचाच परिपाठ झाला. रांग खुशीत, भांडणं बंद. मॅनेजर एतुआतीने पाठ थोपटली, "अरे, तू तर कंपनीचं नशीब काढलंस!" लोक आपला नंबर नसला तरी नुसतं ऐकायला थांबू लागले. खरं सांगायचं तर तुम्ही-आम्ही तिथे असतो तर आपणही हसलोच असतो.

त्या सोमवारी फुआतिनोबाई आल्या.

फुआतिनोबाईंनी गावच्या शाळेत छत्तीस वर्षं शिकवलं. सेमिसीला अक्षरं त्यांनीच गिरवायला लावली होती. बाई अंगाने आधीच भरलेल्या, त्यात दोन वर्षांपासून मूत्रपिंडाचं दुखणं लागून पाय खांबासारखे सुजले होते. एका हातात पासपोर्ट, दुसऱ्या हातात लेकीसाठी केलेल्या केकचा डबा. त्यांची लेक लोसा पागोच्या रुग्णालयात होती. तिच्या पोटात गाठ निघाली होती आणि शुक्रवारी शस्त्रक्रिया ठरली होती. तिचा नवरा वारलेला, दुसरं कुणी नाही. आईच काय ती.

"सांभाळून चढा हं, बाई," म्हणत सेमिसीने हात दिला. काटा थरथरला आणि थांबला. सेमिसीने छाती भरून घेतली. "फुआतिनोबाईंच्या घरून एकशेसेहेचाळीस किलो! केकचा डबा एक!"

"माऽऽलो!"

हशा पिकला. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, विमानाला दोन खेपा कराव्या लागतील!" बाईही जराशा हसल्या. मग खाली उतरल्या, पिशवीत हात घालून काहीतरी शोधल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, पासपोर्ट घरीच राहिला वाटतं. येते मी."

"उद्या या मग," सेमिसी म्हणाला आणि त्याने पुढच्या माणसाला हाक मारली.

बुधवारी संध्याकाळी तो घरी तारोचे कंद सोलत बसला होता. लेसामामा आले. लेसामामा म्हणजे सेमिसीच्या आईचे भाऊ आणि घराण्याचे प्रमुख. गावाच्या बैठकीत घराण्याच्या वतीने तेच बोलायचे आणि आहेर पुकारायला सेमिसीला त्यांनीच शिकवलं होतं. ते चटईवर बसले. कोको पुढे आला, पण त्यांनी कपाला हात लावला नाही.

"फुआतिनोबाईंना तू काय बोललास?"

"मी? काही नाही. त्या पासपोर्ट विसरल्या होत्या."

"पासपोर्ट त्यांच्या हातात होता, गाढवा."

सेमिसीची सुरी थांबली. त्याला तो निळा पासपोर्ट आता स्पष्ट आठवला.

"सोमवारपासून पोटात अन्न नाही त्यांच्या," मामा म्हणाले. "दिवसाला पपईची एक फोड आणि गरम पाणी. म्हणतात, थोडी हलकी झाले की जाईन. आज दुपारी नळावर चक्कर येऊन पडल्या. मूत्रपिंडाचा आजार असलेली बाई उपास करते आहे! तिकडे लेक एकटी पडली आहे, वाट बघते आहे. बोट दुरुस्तीला गेली आहे, विमानाशिवाय जायला दुसरा रस्ता नाही, आणि विमानाच्या दाराशी तू उभा."

"मामा, देवाशपथ, मी त्यांचा अपमान नाही केला! मी तर मान दिला. सरदारांना देतो तसाच दिला!"

"मान?" मामांचा आवाज चढला. "तुला काय शिकवलं होतं मी? आहेर कशासाठी पुकारायचा?"

"देणाऱ्याचं नाव व्हावं म्हणून."

"मग त्या बाई कुणाचा आहेर होत्या, सेमिसी? कुणी आणून टाकल्या होत्या तुझ्या काट्यावर, भाजलेल्या डुकरासारख्या? सरदारांना आपल्या पोटाचं कौतुक आहे, ते हसले. त्यांचं हसू पाहून तू सगळ्या गावाचं माप काढलंस."

सेमिसीला तोंडात मारल्यासारखं झालं. तरी तो हटेना. "पण वजन तर करावंच लागतं ना! पायलटला कळलं नाही तर विमान पडेल. आणि किलोवर भाडं मी ठरवलं का? मी साधा नोकर माणूस."

"वजन कर, नको कोण म्हणतंय? डॉक्टरपण करतो. तो दवाखान्याच्या दारात येऊन ओरडतो का? आणि भाड्याचं म्हणशील तर तुझ्या त्या शिवणवालीचं भलं झालं, मला आनंद आहे. पण ज्या अंगात आजाराने पाणी साचलंय, त्या पाण्याचंही भाडं घ्यायचं आणि वर ते गावाला ऐकवायचं, हे कुठल्या नियमात आहे? नियम मालकाचा असेल. आरोळी तुझी होती."

मग मामांनी विचारलं, "तुझं वजन किती रे?"

"माहीत नाही," सेमिसी म्हणाला. वर्षभर काट्याशेजारी उभा राहून तो एकदाही त्यावर चढला नव्हता. चढावंसं वाटलंच नव्हतं, आणि का वाटलं नव्हतं ते आज त्याला कळलं.

"उद्या पहाटे चांगले कपडे घालून ये," मामा उठत म्हणाले. "आपण इफोगा करू, बाईंच्या दारात बसून क्षमा मागू."

"इफोगा!" सेमिसी म्हणाला. "मामा, तो खून झाला की करतात, पोरगी पळवली की करतात. एवढ्याशा गोष्टीसाठी? लोक हसतील!"

"हसू देत. लोकांचं हसणं बाईंनी एकटीने सोसलं. तुझ्याबरोबर मी तरी आहे."

गुरुवारी उजाडताना फुआतिनोबाईंच्या घरापुढे दोघं जण खाली मान घालून बसले आणि घराण्यातली सर्वांत जुनी, सर्वांत तलम चटई त्यांनी डोक्यावरून ओढून घेतली. तिकडच्या घरांना भिंती नसतात. आत कोण जेवतंय, कोण झोपलंय, रस्त्यावरून जाणाऱ्याला सगळं दिसतं. पण बाईंच्या घराची रस्त्याकडची झावळ्यांची झापं सोमवारपासून खाली सोडलेली होती.

ऊन वर आलं. चटईखाली घामाच्या धारा लागल्या. येणारे-जाणारे थांबत होते. "कुणी मेलं का?" "अगं, हा तर विमानवाला सेमिसी!" शाळेला निघालेली पोरं कुजबुजत होती. सेमिसीला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपण आत जावं. शेजारी मामांचा श्वास जड झाला होता. बहात्तर वर्षांचा माणूस, गुडघे दुखणारा, गावाने ज्याच्यापुढे वाकावं असा, आणि भाच्याच्या एका आरोळीपायी मातीत बसलेला! सेमिसीला रडू फुटलं. आपल्या चुकीचं ओझं आपलं आपल्यालाच पडतं असं तो समजत होता. ते तर मामांच्या मानेवर पडलं होतं. आणि काट्यावरून उतरताना बाई काय घेऊन घरी गेल्या असतील, हेही त्याला तिथे, त्या उकाड्यात पहिल्यांदा उमगलं.

दोन तास गेले असतील. झाप वर उचलल्याचा आवाज झाला. सावकाश पावलं जवळ आली आणि चटई बाजूला झाली.

"लेसा, उठा आधी," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता, ओठ सुकले होते. "या वयात हे काय? या, सावलीत या."

"माझ्या घराण्याच्या तोंडून वाईट गेलं," मामा म्हणाले. "क्षमा मागायला आलो."

सेमिसी हुंदके देत होता. "बाई, मी चुकलो. मला वाटलं, गंमत आहे."

बाई त्याला म्हणाल्या, "तुझ्या आरोळीचं एवढं नाही रे. लहानपणापासून ओरडतोसच तू. पण 'माऽलो' म्हणणाऱ्यांत निम्मी माझी पोरं होती. मी त्यांना मोजायला शिकवलं." त्यांनी हाताच्या मागच्या बाजूने डोळे पुसले. "आणि मला इतकी लाज वाटली, की पोटच्या पोरीला सोडून मी घरी पळाले. त्याची मला अधिक लाज वाटते."

"उद्या चला, बाई. आपल्याकडे उद्या शुक्रवार, पण मधली तारखेची रेषा ओलांडून तिकडे पोचाल तेव्हा गुरुवारच असेल. शस्त्रक्रियेआधी पूर्ण दिवस मिळेल तुम्हाला. मी सगळं नीट करतो."

"आधी खायला दे काहीतरी," बाई म्हणाल्या. मामा आजूबाजूच्या गर्दीवर गरजले, "बघता काय? तारो आणा, मासळीचं कालवण आणा!"

दुपारी सेमिसी मॅनेजरपुढे उभा राहिला. "काटा आतल्या खोलीत, पडद्यामागे न्यायचा. आकडा फक्त चिठ्ठीवर लिहून पायलटकडे जाईल. आणि आजाऱ्याकडून किलोमागे भाडं घ्यायचं नाही, एवढं मालकांना कळवा."

"लोकांना मजा येते रे," एतुआती म्हणाला.

"तुमच्या आईला आणा उद्या. तिचं पुकारतो. येऊ दे मजा."

एतुआतीने नियमांची वही काढून चाळली. शेवटी म्हणाला, "पडदा मी लावतो. भाड्याचं पत्र तू लिही, सही मी करतो. पण उत्तर यायला महिना जाईल. उद्या बाईंना पूर्ण भाडं पडेल. हां, एका कुटुंबाचं भाडं एकत्र धरून वाटून घेता येतं, एवढीच सवलत आहे नियमात. पण बाई तर एकट्या."

शुक्रवारी रांगेत हाच विषय निघाला. दोन खेपांचा विनोद करणारा माणूस त्याच रांगेत होता. तो सुतार होता, त्याचं नाव व्हिली. गावभर इफोगाची बातमी पसरलेली. तो खालच्या मानेने पुढे आला. "सेमिसी, लिही. बाई माझ्या आजीच्या चुलत बहिणीच्या घरातल्या."

"माझ्या वहिनीच्या गावच्या," दुसरी बाई म्हणाली.

"मला तर त्यांनी मारलंय," तिसरा म्हणाला, "इतकं तर फक्त घरचेच मारतात!"

बघता बघता नऊच्या नऊ जणांचं एक कुटुंब झालं. खोटं कुणीच बोलत नव्हतं. त्या बेटावर चार पिढ्या मागे गेलं की सगळे एकाच चुलीवर जेवलेले निघतात. एकेक जण पडद्यामागे गेला. सेमिसीने आकडे मुकाट्याने लिहिले आणि चिठ्ठी पायलटच्या हातात दिली. भाडं नऊ सारखे भाग करून घेतलं. सडपातळ व्हिलीला जास्तीचे पैसे पडले. त्याने ते मोजून खिडकीवर ठेवले.

पस्तीस मिनिटांत बाई पागोला पोचल्या. लोसा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. "आलीस?" तिने विचारलं. "मला वाटलं, तू येतच नाहीस."

"आले ना," बाई म्हणाल्या. सोमवारी आपण दारातून परत फिरलो होतो, हे त्यांनी तिला सांगितलं आणि दोघी रडल्या. दुसऱ्या दिवशी लोसाला आत नेलं तेव्हा दारापर्यंत तिचा हात आईच्या हातात होता. गाठ निघाली. पोर वाचली.

बंधूंनो, भगिनींनो, आपल्यातल्या कुणाजवळ विमानाचा काटा नसेल. पण जाड्या, बारक्या, काळ्या, बुटक्या अशी नावं आपण रोज चारचौघांत पुकारतोच ना? समोरचा हसला की आपल्याला वाटतं, त्याला चाललं. हसून घरी गेलेला माणूस झापं सोडून किती दिवस बसतो, ते आपण बघायला जात नाही. माणसाचं अंग ही चेष्टेची वस्तू नव्हे. त्या अंगात एक जीव राहतो, आणि त्याला कुठेतरी वेळेवर पोचायचं असतं!