किशोरच्या नावाचं रक्त

किशोरचं रक्त चांगलं निघालं, म्हणून त्याचा विमा नाकारला गेला. ऐकायला उलटं वाटतं, पण झालं तसंच.

अमरावतीच्या त्या दवाखान्यात विम्याच्या काउंटरवर बसलेल्या मुलीनं प्रणालीला समजावून सांगितलं. कंपनीनं याच महिन्यात तपासलेलं तुमच्या नवऱ्याचं रक्त नॉर्मल आहे. कारखान्यात त्या दिवशी अपघाताची नोंद नाही. मग एकाएकी एवढं विष अंगात आलं कुठून? त्यानं स्वतःच घेतलं असणार. आणि स्वतः घेतलं, तर विमा नाही. संध्याकाळपर्यंत पैसे भरा, नाहीतर पेशंट हलवा. मुलगी वाईट नव्हती बिचारी, तिनं प्रणालीला पाण्याची बाटलीही दिली. पण हलवायचं कुठं? सासरे नत्थुजी सकाळीच सरकारी दवाखान्यात जाऊन आले होते. तिथं एकही व्हेंटिलेटर रिकामा नव्हता. आणि मशीन काढलं की किशोरचा श्वास थांबणार, हे कळायला डॉक्टर व्हायची गरज नव्हती.

आता खरी गोष्ट अशी, की ते रक्त किशोरचं नव्हतंच. ते प्रणालीचं होतं.

किशोर अकोल्याला फवारणीच्या औषधांच्या कारखान्यात ड्रम भरायच्या कामावर होता, ठेक्यावर. कंपनी अधूनमधून कामगारांचं रक्त तपासायची. औषध अंगात भिनत गेलं की रक्तातलं एक द्रव्य उतरत जातं. ते फार उतरलं, की माणसाला त्या कामावरून बाजूला काढायचं. नियम सोन्यासारखा! फक्त बाजूला काढलेल्या माणसाला पगार कोण देणार, एवढंच लिहायचं राहून गेलं होतं. ठेक्यावरचा माणूस बाजूला म्हणजे घरी. गेल्या उन्हाळ्यात किशोरचं रक्त उतरलं आणि तो महिनाभर घरी बसला. डोकेदुखी गेली, जेवण गोड लागायला लागलं, लेकीला खांद्यावर घेऊन तो गल्लीभर हिंडला. तेवढ्यात घरातलं सिलिंडर संपलं आणि दुसरं काही आलं नाही.

पुढच्या वेळी ठेकेदार खुशालरावांनीच वाट दाखवली. काम थांबू नये म्हणून रक्त घ्यायचं रविवारी, कामगारांच्या वस्तीत, खुशालरावांच्याच खोलीवर. लॅबचा माणूस बिल्ला पाहायचा आणि नळीवर नाव लिहायचा. तोंडाकडे पाहायची त्याला सवय नव्हती.

"घरचं कोनीबी चालते," खुशालराव म्हणाले होते. "नळी भरली पाह्यजे आन् नाव बराबर पाह्यजे."

कुणाचा भाऊ गेला, कुणाची आई गेली, प्रणालीही गेली. हरतालिकेला नवऱ्यासाठी पाण्याचा थेंब न घेणारी बाई ती, तिला एका नळीभर रक्ताचं काय एवढं? हात पुढं करताना तिला थोडा अभिमानच वाटला. वेडेपणा होता, दुसरं काय. पण अख्खी वस्तीच तो करत होती, म्हणून तो शहाणपणा वाटत होता.

मग परवा दुसरी पाळी करून आलेला किशोर मोरीपाशीच खाली बसला. तोंडातून लाळ, अंगाला दरदरून घाम, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. अकोल्यात मशीन मिळालं नाही, म्हणून ॲम्ब्युलन्सनं अमरावती गाठली. कामावरूनच असे आले, हे प्रणालीनं इथं सांगितलं होतं. पण कंपनीचा नॉर्मल रिपोर्ट आला, आणि त्यानंतर तिला कुणी काही विचारलं नाही.

दुपारी खुशालराव आले, केळी घेऊन. प्रणालीशेजारी बाकावर बसले, आधी किशोरची चौकशी केली, मग खिशातून कागद काढला.

"हे पाय पोरी. घरात भांडन झालं, रागाच्या भरात त्यानं घेतलं, एवढं लिहून दे. बिलाचं मी पाहून घेतो. मानूस वाचला पाह्यजे का नाई?"

"भांडन कवा झालं काका? ते आले तवाच तसे होते."

"मले समजते ना. पन खरं सांगशीन तं काय सांगशीन? रक्त मी देल्लं म्हनून? मंग फसवल्याची केस कोनावर होईन?"

पलीकडे नत्थुजी नातीला मांडीवर घेऊन बसले होते. आईशिवाय ती आजीजवळ राहीना, म्हणून जुईलीलाही बरोबर आणलं होतं. म्हातारा दोन दिवसांत वाळून गेला होता.

"सही कर माय," ते म्हणाले. "लोक काय म्हनन ते म्हनू दे. माह्यं पोरगं जगू दे."

प्रणालीनं पेन घेतला. खरं सांगायचं तर खोटं लिहायचं तिला काहीच वाटत नव्हतं. नवरा वाचत असेल तर तिनं त्याला दारुडा लिहिलं असतं, चोर लिहिलं असतं. तिनं कागद मांडीवर धरला, तेवढ्यात अतिदक्षता विभागाच्या डॉक्टर इशिता मॅडम बाहेर आल्या.

"ताई, नीट आठवून सांगा. कोणतं औषध प्याले? किती? बाटली सापडली का?"

"घरात फवाऱ्याची बाटली होती मॅडम," खुशालराव म्हणाले.

"मी यांना विचारतेय." मॅडम प्रणालीसमोर वाकल्या. "प्यालेले आहेत असं धरून आम्ही पोट धुतलं. आता विषाचा जोर कमी व्हायला हवा होता, आणि तो होत नाहीय. कुठून तरी अजून आत जातंय. कुठून, ते कळलं नाही तर मी काय करू?"

प्रणालीला किशोरचे केस आठवले. चिकट, त्या उग्र वासाचे. पोट धुतलं होतं, पण विष प्यालेल्या माणसाचं डोकं कोण धुणार? कागदाला काहीही सांगता आलं असतं, पण ही बाई तर ऐकून त्याप्रमाणे औषध देणार होती.

"ते पेले नाई," ती म्हणाली. "ड्रम भरताना रोजच अंगावर उडते. अंग, केस, साऱ्यालेच लागून असते. ते चांगलं निघालेलं रक्त माह्यं होतं मॅडम. त्यायच्या नावानं मी देल्लं."

मॅडमनी आधी नर्सला हाक मारली. पेशंटचे केस कापा, डोक्यापासून नखांपर्यंत साबणानं धुवा. मग प्रणालीचं रक्त घ्यायला सांगितलं. खुशालरावांनी कागदाची घडी केली आणि कुणाकडे न पाहता निघून गेले. केळी तिथंच राहिली.

दिवस कलताना मॅडम परत आल्या.

"लॅबला फोन केला. मागची नळी त्यांनी अजून ठेवलीय. रक्तगट तुमचा आहे, किशोरचा नाही. विमावाल्यांना मी लिहून पाठवलं, आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत पेशंट हलवायचा नाही म्हणून सांगितलंय."

नत्थुजींनी हात जोडले.

"एक विचारू?" मॅडमच्या हातात लॅबनं पाठवलेले मागचे रिपोर्ट होते. "तुम्ही दिलेलं रक्त दर वेळी थोडं थोडं उतरत गेलंय. नॉर्मल होतं, म्हणून कुणी पाहिलं नाही. आजचं नॉर्मलच्याही खाली आहे. तुम्ही कारखान्यात काय काम करता?"

"कायीच नाई. म्या तं कारखाना आतून पाह्यलाबी नाई."

"मग घरी?"

"त्यायचे कामावरचे कपडे धुतो. हातानं, रोज."

मॅडमची नजर बाकाकडे गेली. जुईली आजोबांच्या मांडीवर बापाचा कामावरचा सदरा तोंडाशी धरून झोपली होती. त्याशिवाय तिला झोप येत नसे, म्हणून घरून निघताना प्रणालीनंच तो पिशवीत टाकला होता.

मॅडमनी सदरा हळूच काढून घेतला आणि नर्सला पुन्हा हाक मारली. सुई पाहून पोर भोकाड पसरून रडायला लागली. प्रणाली मधे गेली आणि सवयीनं तिनं आपलाच हात पुढं केला.

"तिचं काहून मॅडम? माह्यं घ्या ना. लागन तेवढं घ्या."

"नाही ताई," मॅडम म्हणाल्या. "आता तिचंच लागेल."

हात पुढंच राहिला थोडा वेळ. मग प्रणालीनं त्याच हातानं लेकीचा दंड धरला, आणि हलू नये म्हणून घट्ट धरून ठेवला.