दोन्ही बाजूंची कॅसेट

रायपूर राजधानी झालं आणि शहरात दोन गोष्टींना ऊत आला, उद्घाटनाच्या पाट्यांना आणि प्रमुख पाहुण्यांना. शंकर नगरातल्या मराठी मित्र मंडळात तर रिवाजच पडला होता. कार्यक्रम हळदीकुंकवाचा असो की रांगोळी स्पर्धेचा, मंचावर यशवंतराव हवेतच. यशवंतराव पार्षद, म्हणजे नगरसेवक, आणि त्याहून मोठं म्हणजे आपला माणूस, मूळचा अमरावतीकडचा. मराठी माणूस इथे निवडून आला याचं मंडळाला इतकं कौतुक, की त्यांना हार घातल्याशिवाय तिथे बल्बसुद्धा बदलत नसत.

त्यामुळे अपर्णाची फिल्म दाखवायचं ठरलं, तेव्हा सचिव नरहरीभाऊंनी सवयीनं यशवंतरावांनाच आमंत्रण धाडलं. फिल्म कशावर आहे हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. रेल्वेतून रिटायर झालेल्या आपल्या धर्मपालची पोट्टी सिनेमा करते, एवढं त्यांना पुरे होतं. फिल्म होती भनपुरीवर, आणि भनपुरीतला तो भाग यशवंतरावांच्याच वॉर्डात होता.

तिथल्या एका पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, पाण्याची टाकी उभी राहिली, फीत कापली गेली, बुंदी वाटली गेली. पाणी तेवढं आलं नाही. अपर्णा तेलीबांध्याच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायची आणि रविवारी शेखरचा हँडीकॅम घेऊन तिथे जायची. शेखर लग्नाच्या शूटिंगवाला. फिल्मची जोडणीही त्यानंच केली आणि तिथेच माशी शिंकली. लग्नाला सरावलेला हात तो. त्या वस्तीतली सुकवारो दाई रिकामा हंडा दाखवून "टंकी बनिस, पानी नइ आइस" म्हणाली, की त्यानं खाली बिदाईची सनई सोडली. लगेच पुढे यशवंतरावांचं हसणं जोडलं, तेही सावकाश, पुन्हा पुन्हा. खरं तर तिथे अपर्णाच्या कॅमेऱ्यासमोर बोलायला आलेले यशवंतराव हसले होते ते त्यांच्या हाराला तोंड लावणाऱ्या एका बकरीला. अपर्णाला हे पक्कं ठाऊक होतं. ‘काढ ते’ म्हणायला तिनं तोंड उघडलंही होतं. पण ते हसू असं काही झकास बसलं होतं की तिनं तोंड मिटलं.

मंडळाच्या हॉलमध्ये फिल्म सुरू झाली. शाल पांघरलेले यशवंतराव पहिल्या रांगेत बसून स्वतःलाच पाहू लागले. हसण्याची जागा आली आणि मागच्या पोरांनी शिट्ट्यांनी हॉल डोक्यावर घेतला. दिवे लागले तेव्हा पुढच्या रांगेतल्या पेन्शनरांचे चेहरे आंबट झाले होते.

"हे एकतर्फी हाये," एक जण म्हणाला.

"कोणत्या पार्टीनं करून घेतलं, ते विचारा पहिले!"

"सही है दीदी, धो डाला!" मागून आवाज आला.

अपर्णाला शिव्यांचं काही वाटलं नाही. शिव्या येणार हे ती धरूनच आली होती. तिला बोचल्या त्या टाळ्या. टाळ्या वाजवणारा एकही पोरगा पाण्याबद्दल बोलत नव्हता. सगळे त्या हसण्यावरच लट्टू होते. दाईचा हंडा कोणालाच दिसला नव्हता, आणि हे आपलंच पाप आहे हे तिला लख्ख कळलं. तिला स्वतःचाच राग आला.

यशवंतराव उठले. आवाज गोड, बोट मात्र तिच्याकडे. "बेटा, मी तुह्यासमोर अर्धा तास बोललो. तू माह्यं फक्त हसणं ठेवलं. दोन्ही बाजू दाखवाले हिंमत लागते."

नरहरीभाऊंनी री ओढली. "माफी माग अपर्णा, अन् यशवंतरावांचा पार्ट पूरा काढून टाक. नाहीतर येत्या रविवारी भनपुरीत दाखवाले मंडळाचा प्रोजेक्टर भेटणार नाही, सांगून ठेवतो."

अपर्णा भनपुरीहून निघताना दाईनं तिचा हात धरून म्हटलं होतं, "हमू मन ला देखाबे, नोनी." आम्हालाही दाखवशील, पोरी. अपर्णानं हो म्हटलं होतं आणि तो शब्द आता नरहरीभाऊंच्या मुठीत होता. तिनं वडिलांकडे पाहिलं. धर्मपाल मान खाली घालून बसले होते. या मंडळात आपल्या घराला कोणी नाव ठेवू नये, यासाठी त्यांनी आयुष्यभर आवाज चढवला नव्हता.

अपर्णा एरवी सगळ्यांना हिंदीतच उत्तर द्यायची. आज ती मराठीत बोलली, पुढच्या रांगेला एकही शब्द चुकू नये म्हणून.

"ते हसणं खोटं हाये. काकाजी बकरीले पाहून हासले होते. मले माहीत होतं, तरी मी जोडू देलं. त्याची माफी मागतो मी, सगळ्यांसमोर."

हॉलमध्ये एकच कल्ला झाला. यशवंतराव प्रसन्न होऊन शाल सारखी करू लागले.

"पण दोन्ही बाजू पाह्याच्या हायेत ना?" तिनं पिशवीतून हँडीकॅम काढला, मूळ कॅसेट घातली आणि वायर प्रोजेक्टरला खोचली. "मंग आता बसा. यात काहीच कापलं नाही."

पडद्यावर बकरी आली, हार खाल्ला, यशवंतराव खदखदून हसले. हॉलही हसला. मागची पोरं हिरमुसली. पण कॅसेट थांबली नाही. कॅमेऱ्यामागून अपर्णानं विचारलं, पाणी कधी येणार? यशवंतराव नव्या रस्त्याविषयी बोलले. पाणी? ते सभामंडपावर बोलले. पाणी? नव्या राजधानीवर बोलले, आणि मग तिथून खाली उतरलेच नाहीत. दोन्ही बाजू मागणारे पेन्शनर चुळबुळू लागले. एकाला जांभई आली.

"बस झालं, बंद कर," नरहरीभाऊ म्हणाले.

"अर्धा तास म्हणे ना ते? पूरा पाहा."

पडद्यावर यशवंतरावांनी घाम पुसला. बोलून बोलून घसा कोरडा पडला असणार. सुकवारो दाई घरात गेली आणि पितळेचा लोटा भरून घेऊन आली. दोन्ही हातांनी तिनं तो पुढे केला. यशवंतरावांनी हातानंच नको म्हटलं. ड्रायव्हरनं जीपमधून विकतची बाटली आणून दिली आणि ते घटाघटा प्यायले. दाई लोटा धरून तशीच उभी राहिली. मग कॅसेट संपली.

अपर्णाच्या मनात आलं, खोट्या हसण्याच्या नादी लागून हे आपण टाकून दिलं होतं!

या वेळी शिट्टी नाही की टाळी नाही. यशवंतरावांच्या प्रत्येक सभेला पुढे बसणाऱ्या वनमालाबाई हळूच म्हणाल्या, "पण यशवंतराव, टाकीत पाणीच नाही तिथं. मंग त्या बाईनं तो लोटा भरला कुठून?"

यशवंतरावांनी नरहरीभाऊंकडे पाहिलं. नरहरीभाऊंनी छताकडे.

"रेल्वे लाइनीच्या पल्याडून," अपर्णा म्हणाली. "डोक्यावर आणते. हसणं मी आजच काढतो. त्याच्या जागी हे टाकतो, सनई न लावता."

"प्रोजेक्टर भेटणार नाही," नरहरीभाऊ तडकले. "मंडळात राजकारण चालणार नाही!"

"नका देऊ."

हे अपर्णा बोलली नव्हती. धर्मपाल उभे राहिले होते. "आमच्या घरी टीव्ही हाये. रविवारी मी सोता उचलून नेतो भनपुरीले."

"धर्मपाल, अरे तू तरी समजदार माणूस हायेस!"

"समजदार होतो, म्हणून तर आजवर गप होतो," धर्मपाल म्हणाले, आणि सगळ्या रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी पोरीला विचारलं, "किती वाजता दाखवाचं म्हणतेस?"