पाताळातलं गरम पाणी

इस्पितळाचा बॉयलर सांभाळण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला जावई मिळाला तोही नेमका बॉयलर बंद पाडायला निघालेला. जावई इंजिनियर. जमिनीच्या पोटात उष्णतेचा खजिना आहे, खोल विहीर पाडली की इस्पितळाला कायमचं गरम पाणी, ना कोळसा ना धूर, हे तो लग्नाच्या बोलणीतसुद्धा सांगत होता. सासऱ्याने मुलगी दिली, पण हे काही मान्य केलं नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी जावई बॉयलरखोलीत आला तो पडलेल्या चेहऱ्याने.

"मामा, विहिरीचं पाणी कोमट लागलंय."

"किती कोमट?"

"बाळाच्या आंघोळीपुरतं. आणखी खाली गेलो तर उकळतं मिळेल, हे खोटं नाही. पण खडक इतका चिवट निघाला की सगळा पैसा त्यातच गेला. उद्या मोठे साहेब खूश झाले तर पुढची खोदाई मंजूर करतील. नाहीतर मला घरी बसवतील." तो जरा घुटमळला. "तुमचा पाइप आमच्या नळाला जोडू का? उद्यापुरता. जेमतेम गरम ठेवा, फार नको."

म्हाताऱ्याला मनातून गुदगुल्या झाल्या. मग लेकीचा संसार आठवला आणि त्या विरल्या.

"जोडा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने भट्टी पेटवली. जेमतेम ठेवायचं, हे पक्कं ध्यानात होतं. पण एवढ्या मानाच्या माणसांसमोर आपल्या बॉयलरचं पाणी जाणार, आणि तेही मिळमिळीत? हाताला राहवेना. त्याने आणखी एक फावडं कोळसा टाकला, मग आणखी एक.

साहेबांनी नळ सोडला. वाफेचा लोट उठला, साहेबांचा हात पोळला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. बोटांवर फुंकर घालत ते माइकसमोर गेले.

"एवढं कडकडीत पाणी मिळतंय, मग आणखी खोल जायचं कशाला? पुढची खोदाई रद्द. आणि ते धुराडं आजच बंद करा."

म्हातारा दारातून टाळ्या वाजवत होता. सगळेच वाजवत होते, एकट्याने थांबणं बरं दिसलं नसतं.

संध्याकाळी विझलेल्या भट्टीपाशी सासरा-जावई बसून राहिले.

"मी जेमतेम म्हणालो होतो, मामा."

"मला जेमतेम कधी जमलंच नाही, जावईबापू."

इतक्यात नर्स दारात आली. "काका, नळाला कोमटच पाणी येतंय. असं कसं?"

"ते विहिरीचं आहे," जावई म्हणाला. "अगदी अस्सल."