उलटी चोळी

"शेजारणीची चोळी आजही उलटीच वाळत घातलीय," मी खिडकीतून म्हणाले. "आणि गाडीचा आवाज आला की पळत येऊन काढते. सरळ घरची बाई कपडे लपवत नाही."

सून निवेदिता माझ्या नातीला, अनुयाला भरवत होती. "आई, प्लीज. तुमचा व्हिसा संपतोय, सोमवारपासून माझं ऑफिस. अनुयाला सांभाळायला मिकाएलासारखी शेजारीण कुठे मिळणार या परक्या देशात, रोटोटुनात?"

"करणी करणाऱ्याही चांगल्याच दिसतात."

दुधाचे दात यायचेत पोरीला. तिला परक्या बाईच्या हाती देऊन मी विमानात बसू? अनुयाला कडेवर घेतलं, सुनेला पुढे घातलं नि कुंपण ओलांडलं.

"किआ ओरा," इथल्या रीतीचा नमस्कार करत मिकाएला हसली. मी हसले नाही.

"विचार, चोळी उलटी का?"

निवेदिताने ओशाळून विचारलं. मिकाएलाने चोळी दोरीवरून काढून सुलटी केली. लाल जमिनीवर पक्षी, कणसं, डोंगर. सगळं हाताने विणलेलं. मग ती सावकाश बोलत राहिली, निवेदिता मला मराठीत सांगत गेली.

"आई, ती ग्वाटेमालाची, माया लोकांतली. स्पेनवाल्यांनी यांच्या पोथ्या जाळल्या, देव फोडले. बायकांच्या हातातलं विणकाम तेवढं तगलं. गावागावाची नक्षी वेगळी. तिच्या आईच्या काळी त्यांच्याच देशाचे सैनिक चोळीवरून गाव ओळखून माणसं मारायचे. तिची आई ही चोळी उलटी घालून मेक्सिकोत पळाली. नंतरही उलटीच वाळत घालायची, गाडीचा आवाज आला की सैनिक आले समजून काढून लपवायची. हिलाही तीच सवय लागली."

"एवढी भीती, तर टाकून द्यायची."

निवेदिताने तेही विचारलं. मिकाएला माझ्याकडे बघत काहीतरी म्हणाली.

"ती विचारते, तुम्ही दिली असती टाकून?"

माझं नऊवारी लुगडं बॅगेच्या तळाशी होतं. आल्या दिवशीच मुलगा राघव म्हणाला होता, "आई, बाहेर जाताना पँट घालत जा, लोक बघतात." सासूला न जुमानणारी मी, पोटच्या पोराचं निमूट ऐकलं.

रविवारी लुगडं धुतलं. आमच्या स्टँडवर मावेना, म्हणून मिकाएलाच्या दोरीवर नेलं. तिने चोळी एका टोकाला सरकवली. उलटीच. अनुयाला मांडीवर घेऊन ती पायरीवर बसली, मी शेजारी.

कुरिअरची गाडी आली. मिकाएला पोरीसकट उठली, चोळीच्या चिमट्याला हात लावला. वाऱ्याने लुगडं तिच्या अंगावर आलं. ते तिने बाजूला केलं, चिमटा तसाच ठेवला आणि परत येऊन बसली.

माझा डोळा होताच तिच्यावर. पण पोरीला मी परत मागितलं नाही.