इथे सुटा हातमोजा मिळेल

आमच्या कारखान्यात हातमोजे शिवले जायचे. हौसेचे नव्हेत, वेल्डरचे, कोपरापर्यंत येणारे, जाड चामड्याचे. शिलाईला एकशेचाळीस बायका होतो, आणि अंगठा बसवण्यात सगळ्यांत पक्का हात होता माझ्या सासूबाईंचा. अख्खा कारखाना त्यांना आत्या म्हणायचा, म्हणून मीही आत्याच म्हणते.

अंगठा बसवणं हे ज्याने केलं नाही त्याला कळायचं नाही. बाकीची चार बोटं सरळ शिलाईची. अंगठा मात्र तिरक्या भोकात, चामडं गोल फिरवत बसवायचा. टाका जास्त ओढला की मूठ वळत नाही, सैल सोडला की ठिणगी आत शिरते. आत्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. पगाराच्या कागदावर अंगठा उठवायच्या आणि वर साहेबालाच ऐकवायच्या, "मी अंगठाछाप खरी, पण कंपनी माझ्याच अंगठ्यावर चालते."

मालकाने कारखाना एका परदेशी कंपनीला विकला, तेव्हा आम्ही लॉटरी लागल्यासारख्या खूश होतो. खोटं कशाला बोलू? नवे दिवे आले, पंखे आले, बसायला पाठीच्या खुर्च्या आल्या. ज्या देशांची नावं आमच्या जिभेवर वळत नव्हती तिथे आमचे हातमोजे जायला लागले. आमच्या गल्लीतली निम्मी छपरं त्या चार वर्षांत पक्की झाली.

मग एका सोमवारी मॅनेजरने सगळ्यांना मधल्या वाटेत उभं केलं. काम दुसऱ्या देशात हलणार होतं, कारण तिकडे मजुरी आणखी कमी. आमच्याकडे सहा आठवडे उरले होते. घसा खाकरून तो पुढे म्हणाला, "आणि तिकडून पाच मुली येणार आहेत. त्यांना काम शिकवायचंय."

आमच्या रांगेत एक होती, तिला सगळे फटाकडी म्हणायचे. ती तिथल्या तिथे उडाली. "म्हणजे आमच्या पोटावर पाय द्यायचा, आणि तो बूटही आम्हीच पुसून द्यायचा?"

कुणी शिकवायचं नाही, असं ठरलं.

मुली आल्या. एकोणीस-वीस वर्षांच्या, पाचही जणींच्या अंगात एकसारखे निळे कोट. भिंतीला लागून त्यांना मशिनं दिली, चामडं दिलं, पण बोललं कुणीच नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या सगळ्यात बारकीच्या, जिला आम्ही आपसात चिमणी म्हणायचो, नखातून सुई आरपार गेली. ती ओरडली नाही. नुसती उभी राहिली, बोट मशिनखाली अडकलेलं, चामड्यावर रक्ताचा ठिपका मोठा होत चाललेला. एकशेचाळीस मशिनं तशीच चालू राहिली. कुणी मान वर केली नाही. मीही नाही. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

आत्या उठल्या. हाताने चाक उलटं फिरवून त्यांनी सुई वर काढली, स्वतःच्या रुमालाने बोट बांधलं, तिला बाजूला बसवलं आणि तिच्याच मशिनवर अगदी सावकाश एक अंगठा बसवून दाखवला.

संध्याकाळी घरात पाऊल टाकल्या टाकल्या माझा तोल सुटला. "कंपनीने आपल्याला अंगठा दाखवला, आणि तुम्ही त्यांच्या पोरींना अंगठा बसवायला शिकवताय?"

"मग काय करू? रोज एकेक बोट शिवून घेऊ दे त्यांना?"

"त्यांच्यामुळे आपलं काम जातंय, आत्या."

"त्यांच्यामुळे?" त्यांनी चपला जागच्या जागी ठेवल्या. "ती पोर काय नकाशा काढून आपला कारखाना शोधत आली का गं? तिला काम पाहिजे होतं, ती आली. मीही अशीच आले होते एक दिवस. मला जिने शिकवलं ती म्हातारी होत आली होती, तिला कळत नसेल का की मी तिच्याच खुर्चीवर बसणार म्हणून? तिने नाही हात आखडता घेतला."

मी दोन आठवडे त्यांच्याशी बोलले नाही. एका छपराखाली राहून अबोला धरणं सोपं नसतं. "तुमच्या आईला सांगा, ताट वाढलंय." "तुझ्या बायकोला सांग, आलेच." शेवटी आमचे हे वैतागले, "मला एक खाकी पिशवी तरी शिवून द्या, पोस्टमनची!"

कारखान्यातही आत्यांच्या शेजारी डबा उघडायला कुणी बसेना. मग आत्या त्या पाच मुलींमध्ये जाऊन बसू लागल्या. भाषा दोन्हीकडच्या वेगळ्या, एक शब्द जुळत नव्हता. चिमणीचा हात आपल्या हातावर ठेवून त्या चामडं फिरवायच्या. चुकलं की "च्च्", जमलं की "हां". एवढ्यावर सगळं शिक्षण. चौथ्या आठवड्यात त्या पाच जणी एकमेकींचं काम बघून अगदी आत्यांच्या सुरात "च्च्... हां!" करायला लागल्या, आणि सगळ्यांत आधी हसू फुटलं ते फटाकडीला. नको नको म्हणत अख्खी रांग हसली. दुसऱ्या दिवशी दोघी-तिघी त्या मुलींना कापलेल्या चामड्याचा ताण कुठल्या बाजूने बघायचा ते दाखवत होत्या.

पाचव्या आठवड्यात मॅनेजरने आत्यांना केबिनमध्ये बोलावलं. मुली तयार झाल्याचं पाहून त्याला वरून शाबासकी आली असावी. जास्तीचे पैसे देतो म्हणाला. आत्यांनी नको म्हटलं. मागच्या शेडमध्ये पायाने चालणारी अकरा जुनी मशिनं धूळ खात होती, कंपनी ती भंगारात काढणार होती. "ती द्या," म्हणाल्या, "आणि कागदावर द्या."

त्या रात्री जेवताना त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुला बोलायचं नसेल तर नको बोलूस. पण उद्या हातगाडी लागेल."

त्यांनी पुढे केलेला मशिनांचा कागद वाचून झाल्यावर मी त्यांना विचारलं, आधी का नाही सांगितलंत? "साहेबाची सही व्हायची होती. हवेतलं कशाला सांगायचं?"

कारखान्याला कुलूप लागलं. जाताना चिमणी आत्यांच्या गळ्यात पडली आणि फटाकडी दुसरीकडे तोंड करून डोळे पुसत राहिली. आम्ही सात जणींनी एक खोली घेतली, मशिनं मांडली, जोड्या शिवल्या आणि दुकानांत घेऊन गेलो. दुकानदाराने एक नवी कोरी जोडी आमच्यापुढे टाकली. तिकडून आलेली. आमच्या नुसत्या चामड्याच्या दरापेक्षा स्वस्त.

आत्यांनी हातमोजा उलटा करून आतली शिलाई बघितली. "अंगठा बघ कसा बसवलाय. एक टाका ओढलेला नाही. चिमणीचाच असणार!"

"आत्या, आनंद मानायचा की रडायचं?"

"ते तू ठरव. मला टाके बघू दे."

तीन महिने हातावर हात ठेवून बसलो. सातातल्या दोघी सोडून गेल्या. मलाही वाटायचं, हे हात दाखवून अवलक्षण झालं. आत्या मात्र रोज दुपारी कुठेतरी जायच्या. एक दिवस पोतं घेऊन आल्या आणि खोलीच्या मधोमध ओतलं. जळके, फाटके, काळेकुट्ट हातमोजे. लोखंडी सांगाडे जोडणाऱ्या कारखान्याच्या कचऱ्यातून उचललेले.

"बघा नीट," म्हणाल्या. "काय दिसतंय?"

फटाकडी नाक दाबून म्हणाली, "घाण."

"जळलेले सगळे डावे आहेत. उजवे बघा, धुऊन वापरावेत असे. मी महिनाभर फाटकाशी उभी राहून बघितलंय. उजव्या हातात हत्यार, डाव्याने लोखंड धरायचं. डावा महिन्याभरात जातो, आणि त्याच्यापायी चांगला उजवाही फेकतात, कारण बाजारात मिळते ती जोडी. जहाजातून येते तीही जोडीच." त्यांनी एक जळका डावा उचलला. "आपण एकटा विकायचा."

"लोक हसतील, आत्या. उद्या म्हणाल, एका पायाचा बूट विका."

"हसू देत. हसायला तरी दारापर्यंत येतील."

दारावर पाटी लावली: इथे सुटा हातमोजा मिळेल. पहिल्या आठवड्यात तीन गेले. एक तर फक्त पाटी खरी आहे का ते बघायला आला होता, आणि घेऊन गेला. महिन्याने त्या कारखान्याचा स्टोअरवाला स्वतः आला आणि साठ डावे सांगून गेला. मग दुसरा कारखाना, मग बंदरावरची दुरुस्तीची गोदी. शिवाय काही डावखुरे निघाले, त्यांचे उजवे जळायचे. त्यांना तर पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं.

आज आम्ही एकोणीस जणी आहोत. एकशेचाळीसमधल्या एकोणीस, हेही सांगायला हवं. बाकीच्या कुणी दुसऱ्या शहरात गेल्या, कुणी मोठ्या दुकानात फरशी पुसतात, आणि आमच्या जुन्या कारखान्यात आता बाहेरून आलेली खोकी रचून ठेवतात. सगळं भलंच झालं असं आत्या कधी म्हणाल्या नाहीत. आमच्याच रांगेत शिवणारी एक शेजारीण तर अजून त्यांना बघून खिडकी लावून घेते. आत्या तिच्या खिडकीकडे बघत रोज "बरी आहेस ना?" विचारतात आणि उत्तराची वाट न बघता पुढे येतात.

गेल्या महिन्यात गोदीतला एक फोरमन एका माणसाला घेऊन आला. चाळिशीचा, अबोल. पत्र्याच्या यंत्रात त्याच्या एका हाताची शेवटची दोन बोटं गेली होती. जखम भरली होती, पण बाजारातल्या हातमोज्याची रिकामी बोटं लोखंडात अडकायची, म्हणून त्याला झाडू मारायला लावलं होतं. वीस वर्षांचा वेल्डर.

आत्यांनी त्याला बसवलं. जुन्या वर्तमानपत्रावर त्याचा हात ठेवायला सांगितला. तो लाजून मूठ उघडेना. "अरे, मी हजारो हात शिवलेत," त्या म्हणाल्या, "दोन बोटांचं काम वाचलं तर मला बरंच आहे की." त्याला हसू आलं, आणि हात उघडला. त्यांनी पेन्सिल फिरवली, तीन बोटांचा साचा कापला, कडेला दुहेरी चामडं घातलं. अंगठा त्यांनी स्वतः बसवला, डोळ्यांना आता बारीक दिसत नाही म्हणून नुसत्या स्पर्शाने.

त्याने हातमोजा चढवला. मूठ वळली, उघडली, पुन्हा वळली. दाराशी पडलेली लोखंडी सळई उचलून धरली आणि बराच वेळ खाली ठेवलीच नाही. फोरमनने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "चल, दुपारची पाळी अजून गाठता येईल."

दोघे घाईघाईत निघाले. पैसे द्यायचे राहिले ते मी सांगायला उठले, तर आत्या म्हणाल्या, "जाऊ दे गं आत्ता, कामावर चाललाय तो," आणि पुढचं चामडं जवळ ओढलं.