उजवीकडून लिहिणारी शालू

मार्गशीर्षातलं कोवळं ऊन वर्गाच्या पूर्वेच्या खिडकीतून तिरपं उतरायचं, आणि त्या उन्हात शालूची बोटं हिरवी दिसायची. पहाटे आईबरोबर मेथीच्या जुड्या बांधून ती शाळेत येई. हात कितीही धुतले तरी नखांच्या कडांना तो हरित वर्ण आणि पाटीला तो किंचित कडवट, ओलसर गंध चिकटलेलाच असे. वडनेर भोलजीच्या आमच्या शाळेत ती दुसरीत होती, आणि मी नुकताच रुजू झालेला मास्तर होतो.

शालूला बोलणं फार नव्हतं. तिचं सारं बोलणं हातांत होतं. दशक-एकक शिकवायला आम्ही पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या, वाळक्या काड्या घ्यायचो. दहा काड्यांचा दोऱ्यानं बांधलेला गठ्ठा म्हणजे एक दशक, उरलेल्या सुट्या काड्या म्हणजे एकक. बाकीची पोरं काड्यांशी झटापट करत असताना शालूची बोटं अशी निश्चिंत, संथ लयीत चालत की काड्यांचा आवाजसुद्धा होत नसे. एवढं डोळ्यांसमोर होतं, तरी मला काही दिसलं नाही. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय!

एके सकाळी मी 'सत्तावीस' लिहायला सांगितलं. शालूनं पाटीच्या उजव्या अंगाला सात काढला आणि पेन्सिल उचलून डावीकडं नेली. तिथं ती दोन मांडणारच होती. पण मला धीर कुठला? "काऊन वं, सातापासून सुरुवात करतात काय? दशक आधी मांड, दशक!" असं म्हणत तो सात मी माझ्याच हातानं पुसला. ती बावरली. मी सांगितलं म्हणून तिनं आधी दोन काढला, पण उजवीकडंच, तिच्या नेहमीच्या जागी. आणि मग हाताच्या सवयीनं त्याच्या डावीकडं सात. पाटीवर बहात्तर उभे राहिले. "घ्या! हिचं सगळंच उलटं," मी म्हणालो, आणि अख्खा वर्ग खो खो हसला.

त्या दिवसापासून तिचं नाव 'उलटी शालू' पडलं. मी कुणालाही दटावलं नाही. विस्तारित रूपात तिनं 'सात अधिक वीस' लिहिलं, तेव्हा बेरीज तीच येते हे धडधडीत दिसत असूनही मी त्यावर लाल फुली मारली, कारण पुस्तकात 'वीस अधिक सात' होतं. चाचणीनंतर तिच्या प्रगतिपुस्तकात मी ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'गणितात कच्ची. अंक उलटे लिहिते.' हळूहळू ते निश्चिंत हात पाटीवर थबकू लागले, आणि आकडा मांडण्याआधी ती शेजारणीच्या पाटीकडं बघू लागली.

माघात एका बाजारच्या दिवशी मी नांदुऱ्याला गेलो होतो. भाजीच्या ओळीत शालू आईशेजारी बसली होती. मी तिच्या पाठीमागं उभा आहे हे तिला ठाऊक नव्हतं. खानावळीच्या एका माणसानं छत्तीस जुड्या मागितल्या. शालूनं आधी सहा सुट्या जुड्या उजव्या हाताशी मांडल्या, मग दहा-दहा जुड्यांचे तीन गठ्ठे उचलून त्यांच्या डावीकडं ओळीनं ठेवले. गोणपाटावर माझ्या डोळ्यांदेखत छत्तीस लिहिलेले होते, बिनचूक, तिच्या पद्धतीनं.

"सुट्या आधी काऊन ठेवल्या वं?" मी विचारलं. ती दचकली. मग खाली बघत म्हणाली, "सुट्याच हरपतात ना सर. त्यायले पयले सांभाळा लागते. गठ्ठा कुठी जात नाही."

दशक-एकक इतकं स्वच्छ मला कुणी समजावलं नव्हतं. पाटीवर ती हेच करत होती, आणि मी तिचा हात अर्ध्या वाटेवर अडवला होता. तेवढ्यात तिची आई म्हणाली, "पोरीचं गनित कच्चं हाये म्हनता ना सर तुमी? तुमीच पाहा आता तिच्याकडं." मी काय म्हणालो? "हो, पाहतो," म्हणालो. लाज वाटते आज.

सोमवारी वर्गात सगळं सांगून टाकायचं असं ठरवलं होतं. पण चाळीस पोरांपुढं 'माझं चुकलं' म्हणायला जी छाती लागते, ती माझ्याकडं नव्हती. आज सांगू, उद्या सांगू करत मी मूग गिळून बसलो. परीक्षा झाली, उन्हं तापली, आणि तिचं कुटुंब पिंपळगाव राजाला तिच्या मामाच्या गावी राहायला निघालं.

दाखला न्यायला मायलेकी आल्या तेव्हा ते प्रगतिपुस्तक माझ्याच हातात होतं. ती ओळ समोर होती आणि पेन खिशाला होतं. ओळ खोडून 'मुलगी बरोबर आहे, चूक माझी' एवढंच लिहायचं होतं. पण तिकडचे गुरुजी वाचून काय म्हणतील, मुख्याध्यापक काय विचारतील, या भीतीनं मी खाली फक्त सही केली आणि पुस्तक मिटून दिलं. शालूनं ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं. "येतो सर," म्हणाली आणि आईमागं फाटकाबाहेर गेली.

तिची पुढं काही खबर लागली नाही, आणि खरं सांगायचं तर मी ती काढलीही नाही. आता पोरानं पाटीवरून हात उचलेपर्यंत मी थांबतो. पण त्यानं तिचं काय भलं झालं? इतक्या वर्षांत शालूचा चेहरा माझ्या मनातून पुसट होत गेला, इतका की रस्त्यात समोर आली तरी मी तिला ओळखणार नाही; तिच्याविषयी लिहिलेल्या त्या ओळीतलं माझं अक्षर मात्र काना-मात्रेसकट आठवतं.