काळ्या खडकावरचा दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. सध्या माझा मुक्काम गॅरेजच्या मागच्या भिंतीवर असतो. माझ्या अंगावर काळपट डाग दिसतात ना, ते ऑइलचे नाहीत. ते कसले, तेच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जन्म कसला, पिळवणूकच ती! शेकडो बारीक धागे यंत्राच्या दातांतून ओढले, त्यांचे तीन पेड केले आणि ते एकमेकांवर असे आवळले, की जीव कासावीस झाला. पण त्या पिळातच माझं बळ होतं, हे पुढे कळलं.

मला दोन भावांनी विकत आणलं. लोकांचं घरसामान हलवायचा त्यांचा धंदा होता. थोरला टेम्पो चालवायचा, धाकटा पाठीवर कपाटं वाहायचा. धाकट्याला सगळे बारक्या म्हणत. दाराच्या चौकटीतून तिरकं होऊन शिरावं लागे एवढा त्याचा देह, तरी नाव बारक्याच! पलंग, आरसे, शिलाई मशिनं, सगळं माझ्या भरवशावर खड्ड्यांतून जायचं आणि एक ओरखडा न उमटता उतरायचं. थोरला माझ्यावर थाप मारून म्हणायचा, "याला तोड नाही." तेव्हा माझा ऊर भरून यायचा.

भावाभावांचं मात्र पटत नव्हतं. थोरल्याचा हात फार लवकर उठायचा. वडील गेल्यावर बारक्याला त्यानंच वाढवलं, आणि मारूनच वाढवलं. बारक्याला मिशा फुटल्या तरी गिऱ्हाइकासमोर त्याच्या कानाखाली आवाज निघायचा. तो दातओठ खात पुढचं कपाट उचलायचा. त्यांची आई म्हणायची, "पाण्यात काठी मारली म्हणून पाणी तुटत नाही." थोरल्याची बायको, म्हणजे बारक्याची वहिनी, हळूच म्हणायची, "पाणी नाही तुटत आई. माणूस तुटतं."

आईनं कधी समुद्र पाहिला नव्हता. म्हणून एका सुट्टीच्या दिवशी चौघं टेम्पोतून निघाली. रस्ता संपला तिथून दाट रान सुरू झालं. झाडांच्या मुळांनी खडकांना विळखे घातले होते आणि उतार शेवाळानं बुळबुळीत झाला होता. थोरल्यानं मला वरच्या एका झाडाला बांधलं आणि आई मला धरून पाऊल पाऊल खाली उतरली.

खाली काळा कातळ होता आणि त्यापुढे समुद्र. मित्रांनो, तुमच्या चित्रातला निळा समुद्र नव्हे तो! तो खडकावर डोकं आपटत होता. लाट फुटली की पायाखालचा कातळ हादरायचा. एक उन्मळून पडलेलं झाड तो पुन्हापुन्हा उचलून खडकावर फेकत होता. त्या झाडाची साल पार सोलून निघाली होती.

"एवढा कसला राग गं याला?" आईनं सुनेला विचारलं.

जेवणाचे डबे उघडले आणि बारक्यानं तिथेच सांगून टाकलं, "दादा, पुढच्या महिन्यापासून मी गोदामात कामाला जातोय. टेम्पोवर नाही येणार."

"कोणाला विचारून?"

"मला विचारून."

थोरल्याचा हात सवयीनं वर गेला. या खेपेला बारक्यानं तो हवेतच धरला. मग इतक्या वर्षांचं तुंबलेलं सगळं बाहेर आलं. बारक्याच्या ठोशानं थोरल्याचं नाक फुटलं. थोरल्यानं त्याचं डोकं कातळावर आपटलं. दोघं एकमेकांच्या नरड्याला धरून लोळत लोळत कडेपर्यंत गेले. आई ओरडत होती, वहिनी नवऱ्याचा सदरा ओढत होती. थोरल्यानं सगळा जोर लावून लाथ मारली. बारक्या मागे फेकला गेला, शेवाळावरून घसरला, आणि त्याच क्षणी लाट आली. लाट ओसरली तेव्हा कडेवर बारक्या नव्हता.

"बारक्या!" थोरल्याचा आवाज चिरकला.

खाली बारक्या त्या सोललेल्या झाडाबरोबर घुसळला जात होता. क्षणात त्याचं डोकं दिसे, क्षणात खोड. फेस लाल झाला होता. वहिनीनं माझं मोकळं टोक ओढत कडेला आणलं. थोरल्यानं मला फेकलं. पहिल्यांदा लाटेनं मला परत कातळावर आपटलं. दुसऱ्यांदा बारक्याच्या हाती लागलो. त्यानं कशीबशी माझी गाठ काखेखालून छातीभोवती मारली.

थोरला ओढू लागला. पकड सुटू नये म्हणून त्यानं मला स्वतःच्या उजव्या पंजाभोवती वेढे दिले. मित्रांनो, असं कधीही करू नका! समुद्र बारक्याला घेऊन मागे हटला. असा हिसका बसला, की मी थोरल्याच्या हाडापर्यंत रुतलो. त्याची दोन बोटं तुटली.

"अहो, सोडा! मी धरते!" वहिनी किंचाळली.

"सोडणार नाही! तू ओढ!"

इकडे खडकाची धार मला खात होती. एक पेड तुटला. दुसऱ्याचे धागे तटातट तुटू लागले. आईला ते दिसलं. तिनं अंगावरची जाड शाल काढून माझ्याखाली सारली आणि ती सरकू नये म्हणून स्वतः तिच्यावर आडवी पडली. लाटा तिच्या तोंडावर फुटत होत्या, पण म्हातारी हलली नाही.

बारक्या वर आला तेव्हा त्याच्या पायाचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. थोरल्यानं रक्ताळल्या हातांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मला वाटलं, आता बारक्या म्हणेल, दादा, तू वाचवलंस. तो म्हणाला, "तूच ढकललंस."

"हो," थोरला म्हणाला. "मीच."

बारक्या बरा झाला. थोडा लंगडतो. ठरल्याप्रमाणे तो गोदामात कामाला गेला आणि थोरल्यानं त्याला अडवलं नाही. सुट्टीला तो येतो. मग दोघं गॅरेजच्या दारात बसतात. अधूनमधून थोरल्याचा आवाज चढतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ना! पण हात मांडीवरच राहतो.

मला धुऊन, वाळवून, वेटोळं करून इथे टांगलं. तुटका पेड वेटोळ्याच्या आत दडला, रक्ताचे डाग मात्र गेले नाहीत. आल्यागेल्याला दाखवलं. कौतुक झालं, मग तेही ओसरलं आणि धूळ बसली. परवा शेजारी आला. "तुमचा तो मजबूत दोर द्या ना, पोरांना झोका बांधायचाय." थोरल्यानं मला खिळ्यावरून उतरवलंसुद्धा! तेवढ्यात वहिनी आली. तिनं माझा पीळ उकलून आत दाखवलं. सगळे धागे पिंजलेल्या कापसासारखे झाले होते.

"मग ठेवलाय कशाला?" शेजाऱ्यानं विचारलं.

"आठवण म्हणून," थोरला म्हणाला आणि त्यानं मला परत टांगलं.

मित्रांनो, एकदा जीव वाचवला की माणसं डोळे झाकून भरवसा टाकतात. तसं करू नका. दोरावर भार टाकण्याआधी त्याचा पीळ उकलून आत पाहा. भिजला तर सावलीत वाळवा. धारेवर घासू देऊ नका. आणि माझ्यासारखा आतून तुटलेला दोर प्रेमापोटी जपू नका. उद्या एखादा अनोळखी हात मला उतरवेल आणि तेव्हा वहिनी घरात नसेल. माझी एवढीच विनवणी आहे, मला कापा. वीतवीतभर तुकडे करा, म्हणजे माझ्यावर कोणी आपलं लेकरू टांगणार नाही.